सूर्य, काडेपेटी, मीठ

सुरुवातीलाच सांगून टाकते, आमच्या कॉलनीमागच्या टेकडीवर जायला पंधरा मिनिटं लागतात. रमतगमत गेलं तर वीस. वर पाण्याची टाकी आहे, वाटेत बोरीची झुडपं आहेत, आणि वरून आमच्या गच्चीवर वाळत घातलेली माझी शाळेची ओढणी ओळखू येते. एवढीच तिची उंची. जळगावात तिला धड नावसुद्धा नाही, सगळे नुसतं 'टाकी' म्हणतात. त्यामुळे माझ्या बाबतीत जे घडलं ते एखाद्या सुळक्यावर घडलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण टेकडी लहान असली म्हणून अपमान लहान होत नाही.

प्रकरण एका फॉर्मवरून सुरू झालं. फेब्रुवारीत सोनगीरच्या किल्ल्यावर आमच्या शाळेतल्या मुलींचं दोन दिवसांचं शिबिर होतं. फॉर्मवर पालकांची सही हवी होती. शेवटचा दिवस सोमवार, आणि ही गोष्ट रविवारच्या दुपारची.

माझे पप्पा, म्हणजे पितांबर सोनवणे, एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहेत. सही करणं हा त्यांच्या दृष्टीने शेवटचा उपाय असतो. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. एकदा पुढून, एकदा मागून. मागची बाजू कोरी होती. तीही वाचली.

"पूर्वानुभव असा एक रकाना आहे," ते म्हणाले. "त्यात काय लिहायचं?"

"काहीतरी लिहा ना पप्पा."

"काहीतरी लिहायला तो निबंध नाही. गच्चीवर कपडे टाकायला पाठवलं तर पहिल्या दोन जिन्यांतच दोनदा थांबतेस तू. किल्ला कशी चढशील?"

आता मी दोन जिन्यांत दोनदा थांबते, हे खरं आहे. पण ते दमून नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो. पहिल्या मजल्यावर शेवंता अक्का राहतात, त्या थांबवतात. दुसऱ्या मजल्यावर माझी मैत्रीण दिपमाला राहते, तिथे मी थांबते. पण या दोन बाबींची नोंद कुठेही नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही, असा आमच्या घरचा कायदा आहे.

शिवाय दिवाळीनंतर मी बदलले आहे. मी परिपाठात सगळ्या शाळेसमोर बातम्या वाचते आणि आता माझा कागद थरथरत नाही. भूगोलाच्या बाईंना मी भर वर्गात "बाई, नकाशा उलटा लागलाय" असं सांगितलं आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी स्वतःहून जाऊन आले आहे. शाळेला हे सगळं माहीत आहे. घरी अजून पोचायचं आहे.

"मी आत्ता टाकी चढून दाखवते," मी म्हणाले.

पप्पांनी चष्मा काढला. म्हणजे विषय पटलावर आला. त्यांनी फॉर्मच्या पाकिटावर पेन्सिलीने अटी लिहिल्या. एक, पायी वरपर्यंत जाणे. दोन, सूर्यास्त प्रत्यक्ष पाहणे. तीन, रस्त्यावरचे दिवे लागण्याच्या आत परत येणे. स्वयंपाकघरातून आईने लगेच त्याला शुद्धिपत्रक जोडलं. "सोबत कोणीतरी मोठं माणूस पाहिजे. जाताना आणि येतानाही!"

चारी अटी मी हसत हसत मान्य केल्या. सूर्य सहा पाचला मावळणार, दिवे साडेसहाच्या पुढे कधीतरी लागणार, टेकडी पंधरा मिनिटांची. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. गणितात मला नेहमी असंच वाटतं.

मोठं माणूस म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या रतिलाल आबांना निवडलं. आबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ते पाच मिनिटांनी उशिरा आलेल्या दूधवाल्याला "लेट रनिंग" म्हणतात. किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांची ड्यूटीवरची शिट्टी अजून आहे. वेळ पाळणारा माणूस हवा होता, मिळाला, अशा आनंदात मी त्यांच्याकडून खाली उतरत होते, तेवढ्यात शेवंता अक्कांचं दार उघडलं. ते नेहमी माझ्या पावलांच्या आवाजावर उघडतं.

"काय व प्रज्ञा, कोठे चालनी?"

इथे मी चूक केली. "कुठे नाही अक्का" असं म्हणून सटकायला हवं होतं. पण आत्मविश्वास आला की माणूस खरं बोलायला लागतो.

"टाकीवर चाललेय अक्का. सूर्यास्त बघायला."

अक्का शिंदखेड्याच्या. जळगावात येऊन त्यांना तीस वर्षं झाली, पण बोली त्यांनी बदललेली नाही आणि मतंही नाहीत. त्या माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या.

"सूर्य पाहाले? सूर्य तं बठ्ठास्ना शे. अंगणमा बी दिखस. तेन्हासाठे टेकडी कशाले चढानी?"

"सूर्य सगळ्यांचाच आहे, अक्का, पण नुसतं बघायला."

"आनि वर जाईसन काय करशी?"

"बघेन. आणि खाली येईन."

अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. ही पोरगी काहीतरी लपवते आहे, आणि काय लपवते आहे तेही त्यांना कळलं होतं.

"भरीत शे ना?"

आता हे खान्देशाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत माणूस घराबाहेर, उघड्यावर, संध्याकाळी, दोनपेक्षा जास्त संख्येने निघाला, तर तो भरीत करायलाच निघालेला असतो. मळ्यात जातात ते भरीत करायला. नदीवर जातात ते भरीत करायला. माझ्या मामाचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला म्हणून जे गेले, त्यांनीही येताना भरीत केलं होतं. सूर्य बघायला म्हणून टेकडीवर कोणी गेल्याचं उदाहरण आमच्या कॉलनीच्या इतिहासात नव्हतं.

"नाही हो अक्का, भरीत नाही."

"टेकडीवर जानं आनि भरीत नही? लोके काय म्हनतीन!" अक्का आत वळल्या होत्या. "मन्हा भाऊनी मळामाईन वांगा धाडेल शेतस. पाच किलो. मी पाहीच ऱ्हायनी व्हती, आते यास्नं काय करू."

मी रतिलाल आबांकडे धाव घेतली. म्हटलं, आबा वेळेचे पक्के आहेत, ते हे थांबवतील. आबांनी ऐकून घेतलं आणि मोबाइल काढला. पाच मिनिटांत 'टेकडी भरीत (अधिकृत)' असा ग्रुप तयार झाला. त्यात सूर्याचा उल्लेख नव्हता. मला त्यात सातव्या क्रमांकावर घेतलं होतं.

पाच वाजता निघायचं ठरलं. पाच वाजता खाली आम्ही अकरा जण होतो. मी, दिपमाला, आबा, अक्का, अक्कांची सून, सुनेची दोन मुलं, दिपमालाचे आईवडील आणि आणखी दोन गृहस्थ, जे कोणाचे कोण होते ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकाच्या खांद्यावर तुराट्यांची मोळी होती. दुसऱ्याकडे तेलाची बाटली, मिरच्या आणि शेगडी. सुनेच्या डोक्यावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचा डबा. आणि दिपमालाच्या हातात अक्कांची बडगी, म्हणजे वांगी ठेचायचं लाकडी लांबट भांडं. अक्कांना ती माहेरहून मिळालेली आहे आणि त्या सुनेलासुद्धा तिला हात लावू देत नाहीत. मी रिकाम्या हाताने होते. सगळे माझ्याकडे, फुकट जेवायला निघालेल्या माणसाकडे बघतात तसे बघत होते.

पप्पा दारात उभे होते. "हे सगळे तुझ्यासोबतचं मोठं माणूस का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मी मान उंच ठेवून चालायला लागले.

टेकडीच्या पायथ्याशी टाकीचं गेट आहे आणि गेटवर तोताराम नाना आहेत. नाना तिथले वॉचमन. त्यांच्यापुढे एक टेबल आणि टेबलावर एक जाडजूड रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, आत, बाहेर, कारण, सही. महिन्यातून दोनदा टाकी धुवायला माणूस येतो, एवढाच त्या रजिस्टरला उद्योग. समोरून अकरा माणसं येताना पाहून नानांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते सरळ बसले.

"किती जण?"

"अकरा," मी म्हणाले.

"पाचाच्या वर गेले की तो कार्यक्रम होतो. कार्यक्रमाला अर्ज लागतो."

"नाना, आम्ही फक्त सूर्य—"

"लेखी."

घड्याळात पाच सात झाले होते. एखादी मुलगी रडली असती. पण मी आस्थापना शाखेच्या घरात वाढले आहे. मी दिपमालाच्या वहीचं पान फाडलं आणि उभ्याउभ्या अर्ज लिहिला. 'प्रति, मा. वॉचमन साहेब. विषय, सूर्य पाहण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की,' वगैरे. खाली सही, तारीख आणि 'आपली विश्वासू'. नानांनी तो सावकाश वाचला. त्यांना कोणी 'मा.' लिहिण्याचं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं, कारण ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"यात वांग्यांचा उल्लेख नाही," ते म्हणाले.

"ती अनुषंगिक आहेत."

"किती आहेत?"

मागून अक्का म्हणाल्या, "तुले धरीसन पुरतीन."

आपल्यालाही धरलं आहे हे ऐकताच नानांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "कुंपणाच्या बाहेर, उघड्या खडकावर भाजा. पाणी जवळ ठेवा. राख विझवून या. आणि प्रत्येकाची नोंद होईल. बाहेर जाताना वेगळी, आत येताना वेगळी. कारणासकट."

मी पहिली सही केली. आत, पाच चौदा. कारणाच्या रकान्यात नानांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सूर्य'. माझ्यामागच्या दहा जणांपुढे त्यांनी लिहिलं, 'भरीत'.

वर पोचायला आम्हाला चौदा मिनिटं लागली. मी कुठेही थांबले नाही. उलट आबा दर वळणावर "सिग्नल नाही" म्हणून थांबत होते. माथ्यावर पाय ठेवला, वाऱ्याने ओढणी उडाली, मी अभिमानाने पश्चिमेकडे तोंड केलं, आणि मला टाकी दिसली.

फक्त टाकी. गोल, पिवळी, ढेरपोटी, आडव्या आभाळासकट सगळी पश्चिम झाकून उभी. तिच्याभोवती कुंपण, आणि कुंपण थेट कड्यापर्यंत. पूर्व दिसत होती, दक्षिण दिसत होती, आमच्या गच्चीवरची ओढणीही दिसत होती. सूर्य मात्र बरोबर टाकीच्या मागे होता.

"सावली छान आहे इथे," आबा म्हणाले आणि त्यांनी सतरंजी पसरली.

मी घाबरले नाही. चढताना मी पाहिलं होतं, अर्ध्या वाटेवर एक वळण आहे, तिथे वाट टेकडीच्या पश्चिम अंगाला जाते. सहा वाजता त्या वळणावर जायचं, सूर्य बघायचा, परत वर यायचं. योजना तयार होती. तेवढ्यात तुराट्या रचून झाल्या आणि अक्का आबांना म्हणाल्या, "द्या."

"काय?"

"काडेपेटी."

"माझ्याकडे कुठली?"

"माले वाटनं तुम्हना जोडे व्हई. तुम्ही बिड्या पेतस ना?"

"सोडल्या! पोळ्यापासून सोडल्या!"

पाच किलो वांगी, अकरा माणसं आणि एकही काडी नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या हाताने आले होते ना.

"जाय माय," अक्का लाडाने म्हणाल्या, "तू तरनी शे."

"मी इथे सूर्यास्तासाठी आलेय," मी परिपाठातल्या आवाजात सांगितलं. "मी काडेपेटीसाठी आलेली नाही."

"नको जाऊ," दिपमाला कांदा चिरता चिरता म्हणाली. "मग हे लोक अंधार पडेपर्यंत इथेच बसतील. आणि तुला तर यांच्यासोबतच उतरायचंय."

मैत्रीण असावी तर अशी, जी नेमक्या वेळी तुमच्या आईची अट तुम्हाला सांगते. मी धावले.

बाहेर, पाच छत्तीस. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर काडेपेटी मिळाली. नानांकडेही होती, पण ती उदबत्तीची होती आणि तिचं कारण वेगळं होतं. आत, पाच एकोणचाळीस. "आता कारण काय?" नानांनी विचारलं. मी हात वर करून दाखवला. त्यांनी लिहिलं, 'काडेपेटी'. मी सही केली. पहिल्या सहीइतकी ती सरळ आली नाही.

दुसऱ्यांदा वर गेले तेव्हा पाच सत्तेचाळीस झाले होते. जाळ पेटला, वांगी चरचरायला लागली, तो वास आला आणि खरं सांगते, मलाही थोडा वेळ सूर्याचा विसर पडला. अक्कांनी एकेक जिन्नस सतरंजीवर मांडायला घेतला. मिरच्या. लसूण. कांद्याची पात. शेंगदाणे. कोथिंबीर. तेल. मग त्यांनी पिशवी उलटी केली. मग झटकली. मग सुनेकडे पाहिलं.

"मीठ कोठे शे?"

सून म्हणाली, "मला वाटलं तुम्ही घेतलं."

मी कोणी काही बोलायच्या आतच उठले. काही अपमान असे असतात की ते ऐकून घेण्यापेक्षा उठून जाणं बरं.

बाहेर, पाच चोपन्न. टपरीवर मीठ नव्हतं, किराणा दुकान रविवारी संध्याकाळी बंद. घर तीन मिनिटांवर. आता घरी गेले तर काय होईल हे मला पक्कं माहीत होतं, आणि तेच झालं. दार पप्पांनी उघडलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्या घामाकडे.

"झालं? बघितला?"

"नाही."

"मग?"

"मीठ," मी म्हणाले.

पप्पांनी नुसतं दारातून बाजूला होऊन मला स्वयंपाकघराकडे वाट करून दिली. आईने स्टीलच्या डबीत मीठ भरून दिलं आणि "हळू जा" म्हणाली. मी हळू गेले नाही.

आत, सहा एक. नानांनी विचारलंसुद्धा नाही. डबी हलवून पाहिली आणि लिहिलं, 'मीठ'. माझी तिसरी सही बघून कोणत्याही बँकेने मला ओळखलं नसतं. पोटात कळ येत होती, पायांचे गोळे दगडासारखे झाले होते. पण एक सांगते, मी थांबले नाही. एकदाही नाही. वर अकरातली दहा माणसं अळणी भरतासमोर बसलेली होती, खाली पप्पा बसलेले होते, आणि मध्ये मी आणि माझी डबी होती. वळण आलं. मी वर बघून चढत होते. एकदम तोंडावर तांबडा उजेड पडला.

सहा पाच.

तिथे टाकी नव्हती. बोरीच्या दोन झुडपांच्या मध्ये सूर्य होता. अगदी खाली आलेला, आणि खालून चपटा झालेला. भाकरी तव्यावर टाकल्यावर कडेने जरा बसते ना, तसा. त्याच्या पुढून बगळ्यांची एक रांग गेली. मी उभी राहिले. याला थांबणं म्हणत नाहीत, याला बघणं म्हणतात. आधी तो अर्धा झाला, मग लहानशी फोड उरली, मग ती फोडही आत गेली, आणि पुढच्याच क्षणी कानाला गार वारा लागला. आजूबाजूला कोणीही नव्हतं. ग्रुपवर फोटो टाकायला माझा फोन नव्हता, तो दिपमालाकडे होता. हातात मिठाची डबी धरून मी एकटीने तो सूर्य मावळवला, असंच मला वाटलं.

वर कोणालाच काही कळलं नव्हतं. सगळे जाळावर वाकलेले होते. "आली, आली! मीठ आलं!" असा जो गजर झाला, तसं स्वागत शाळेत माझा पहिला नंबर आला तरी होणार नाही. भरीत ठेचलं गेलं, फोडणी बसली, मीठ पडलं. तोताराम नानांचा वाटा झाकून खाली पाठवायला वेगळा काढला. आणि मग ते सगळे असे निवांत बसले, की जणू टेकडीवर बिऱ्हाड केलं आहे.

सहा पंचवीस झाले. "चला आता," मी म्हणाले.

"आते तं बसनूत व माय."

"दिवे लागतील!"

"लागू दे," दिपमालाचे वडील पुरी मोडत म्हणाले. "दिव्यांचं कामच आहे ते."

मी विनंती केली. मी फॉर्म समजावून सांगितला. मी सोनगीरच्या किल्ल्याचा इतिहास सांगितला. त्यावर त्या दोन अनोळखी गृहस्थांपैकी एकाने, सोनगीरला भरीत फार छान होईल, वारा चांगला असतो, एवढीच माहिती दिली. तेव्हा माझी नजर आबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेली. ते सतरंजीवर पडलेलं होतं. मी ते उचललं, छातीत वारा भरला आणि शिट्टी फुंकली. लांब, एकच.

आबा उभे राहिले. तोंडात घास, हातात पुरी, पण उभे. पस्तीस वर्षांची नोकरी होती ती, शिट्टीनंतर बसून राहायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. "चला, चला, गाडी सुटली!" ते ओरडले आणि त्यांनी सतरंजी खेचली. सतरंजीवरची माणसं आपोआप उठली. राखेवर पाणी पडलं, डबे बंद झाले, आणि दोन मिनिटांत आमची अख्खी गाडी उताराला लागली. मी सर्वांत मागे, शिट्टी तोंडात.

शेवटच्या वळणावर होतो. गेट समोर दिसत होतं. आणि कॉलनीतले सगळे दिवे एकदम लागले.

सहा चौतीस. रोज चाळिसाच्या पुढे लागणारे दिवे त्या दिवशी सहा चौतीसला लागले. शिट्टी माझ्या तोंडातून खाली पडली.

गेटपाशी पप्पा उभे होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दिव्याकडे पाहिलं.

"दिवे लागले," ते म्हणाले.

"हो."

"तिसरी अट."

"हो, पप्पा." मी एवढंच म्हणाले. रडू येत होतं, पण दहा माणसांसमोर आणि भरताच्या वासात मी रडणार नव्हते.

"जय भीम, भाऊसाहेब," नाना म्हणाले. "बाहेरची सही राहिलीय पोरीची. नियम आहे."

पप्पांच्या समोर कोणतंही रजिस्टर उघडलं, की त्यांना ते वाचल्याशिवाय राहवत नाही. लग्नातली आहेराची वहीसुद्धा ते तपासून देतात. त्यांनी सवयीने चष्मा लावला. बोट वरून खाली येऊ लागलं. प्रज्ञा पितांबर सोनवणे, आत पाच चौदा. बाहेर पाच छत्तीस. आत पाच एकोणचाळीस. बाहेर पाच चोपन्न. आत सहा एक. बोट थांबलं. मग ते कारणाच्या रकान्यात गेलं.

"सूर्य," त्यांनी वाचलं. "काडेपेटी. मीठ." आणि जरा वेळाने, "या सगळ्या सह्या तुझ्याच?"

"हो."

"तीन वेळा चढलीस?"

"हो."

"आणि सूर्य? प्रत्यक्ष?"

"पाहिला. फोटो नाही. नोंद नाही." मग माझ्याच्याने राहवलं नाही. "पण खाली आल्यावर तो चपटा होतो, पप्पा. भाकरीसारखा. आणि गेला की लगेच कानाला गार लागतं. लगेच. कोणीतरी दार उघडल्यासारखं."

पप्पा काही म्हणणार होते. पण तेवढ्यात अक्कांनी किंकाळी फोडली.

"मन्ही बडगी! बडगी वरच ऱ्हाई गयी!"

सगळे दिपमालाकडे वळले. दिपमालाच्या एका हातात माझा फोन होता आणि दुसऱ्या हातात पुऱ्यांचा रिकामा डबा. अक्का खालीच बसल्या. माहेरची बडगी, आणि रात्रभर टेकडीवर! कोणी काही सांगायच्या आधीच माझे पाय वाटेकडे वळले होते. पायांनाही आता सवय झाली होती.

"थांब," पप्पा म्हणाले. "मी येतो."

नानांनी लगबगीने नवी ओळ आखली. आत, सहा बेचाळीस. पप्पांनी सही केली. कारणाच्या रकान्यात 'बडगी' लिहिताना नाना अडखळले, तेव्हा पप्पांनी अक्षरं सांगितली.

वाटेवर अजून उजेड होता. वर बडगी खडकाशेजारी एकटीच पडलेली होती, काठाला थोडं भरीत लागलेलं. टाकीवरचा दिवा लागला होता. पप्पा बडगीजवळ बसले, पुष्कळ वेळ नुसता श्वास घेतला आणि मग शर्टाच्या खिशातून एक घडी काढली. फॉर्म होता. म्हणजे तो घरून निघतानाच त्यांनी खिशात टाकला होता, दिवे लागायच्या आधी की नंतर, हे मी विचारलं नाही.

बडगी पालथी घालून त्यावर त्यांनी फॉर्म ठेवला आणि ऑफिसातल्या त्यांच्या गोल अक्षरात पूर्वानुभवाचा रकाना भरला. 'एकाच संध्याकाळी टेकडी चार वेळा. कारणे: सूर्य, काडेपेटी, मीठ, बडगी.' खाली सही, तारीख. 'मूळ नोंद टाकीच्या गेटवरील रजिस्टरमध्ये पाहावी,' असंही लिहायला ते विसरले नाहीत.

मग त्यांनी बडगीच्या काठाचं भरीत बोटाने चाखलं. "मीठ बरोबर आहे," ते म्हणाले.

बडगी मी घेतली आणि आम्ही उतरलो. चढताना पप्पा दोनदा थांबले होते. मी त्याची कुठेही नोंद केली नाही.